मीठ विरघळते म्हणजे काय होते?

आगरदांड्याच्या धक्क्यावर दिघीच्या बोटीची वाट पाहताना खाडीचे पाणी ओंजळीत घेऊन पाहावे. जिभेला खारट लागते, डोळ्यांना मीठ दिसत नाही. ते गेले कुठे? शाळा सातवीनंतर सुटल्यामुळे हा प्रश्न आम्हांला गुरुजींनी घातला नाही. घातला तो एका भट्टीखात्याने.

तिथे ऐन उन्हाळ्यात कामगारांच्या पोटऱ्यांत गोळे येत. साहेब म्हणत, सोंग आहे. आम्ही भांडून पाण्याचे माठ मिळवले. माणसे पोटभर पाणी पिऊ लागली, तरी गोळे थांबेनात. मग आम्ही पुस्तके धुंडाळली.

सोडियम हा सुरीने कापता येईल इतका मऊ धातू. पाण्यात पडताच पेट घेतो. क्लोरीन हा विषारी वायू. 1915 साली युद्धात तो सैनिकांवर सोडला होता. या दोघांचे मीठ होते आणि ते आपण रोज खातो! सोडियमच्या अणूत 11 इलेक्ट्रॉन, पैकी शेवटच्या कक्षेत एकटाच. क्लोरीनच्या शेवटच्या कक्षेत सात. आठवा मिळाला की त्याची घडी बसते. सोडियम आपला एक देऊन टाकतो आणि धनभारित होतो. घेणारा क्लोरीन ऋणभारित होतो. अशा भारित कणाला आयन म्हणतात. देवघेव झाल्यावर दोघांचा मूळ स्वभाव उरत नाही. हा शब्द 1834 साली फॅरेडे यांनी रूढ केला. ते बुकबाइंडरकडे उमेदवारी करता करता शिकले, म्हणून आम्हांला त्यांचे अगत्य अंमळ जास्त.

कोरड्या खड्यात हे आयन एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की मीठ वितळायला 801 अंश सेल्सियस उष्णता लागते. पाणी मात्र ते सहज सोडवते. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित ऋण, दुसरी किंचित धन. असे रेणू प्रत्येक आयनाभोवती कोंडाळे करतात आणि त्याला खड्यातून ओढून नेतात. म्हणजे मीठ नाहीसे होत नाही, सुटे होते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असे सुटे फिरतात. त्यांच्यातून वीज वाहते, म्हणूनच खाऱ्या पाण्यात लोखंड लवकर गंजते आणि बोटीच्या बुडाला जस्ताचे ठोकळे लावतात. लोखंडाऐवजी जस्त झिजते.

आपल्या रक्तातही हेच सुटे सोडियम आयन असतात. स्नायूला इशारा पोचतो तो त्यांच्या ये-जा करण्याने. घामाबरोबर ते जातात; वरून नुसते पाणी ओतले की उरलेले आणखी पातळ होतात. सगळेच गोळे यानेच येतात असे नव्हे, पण आमची मागणी अर्धीच होती, हे खरे.

पुढच्या मागणीपत्रात आम्ही माठाशेजारी मीठ, साखर आणि लिंबे लिहिली. साहेबांनी विचारले, "युनियनला मीठ कशाला हवे?" आम्ही त्यांना हेच सारे सांगितले, अर्धा तास लागला.