संग्रहालयाचा पत्ता आणि ‘डॉट म्युझियम’

इंटरनेटवर काही डोमेन, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचे शेवटचे भाग, विशिष्ट संस्थांसाठी राखीव असतात. संग्रहालयांसाठीचं ‘डॉट म्युझियम’ हे त्यांपैकीच एक. फारसं परिचित नसल्याने त्याबद्दल गैरसमज बरेच आहेत.

गैरसमज: हे अलीकडचं फॅड आहे.
वस्तुस्थिती: नावांची व्यवस्था पाहणाऱ्या ‘आयकॅन’ने नोव्हेंबर २००० मध्ये सात नवी डोमेन निवडली. ‘डॉट इन्फो’ आणि ‘डॉट बिझ’बरोबर ‘डॉट म्युझियम’ही त्यांत होतं. २००१ मध्ये ते सुरू झालं. पुढाकार होता ‘आयकॉम’ ही पॅरिसची आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषद आणि अमेरिकेतला जे. पॉल गेटी ट्रस्ट यांचा.

गैरसमज: पैसे भरले की कुणालाही मिळतं.
वस्तुस्थिती: संग्रहालयं, त्यांच्या संघटना आणि या क्षेत्रातले व्यावसायिक यांच्यासाठीच ते निर्माण झालं. सुरुवातीला तर अर्जदार खरोखर पात्र आहे का, हे तपासूनच नाव दिलं जाई. पुढे पात्रतेची कक्षा रुंदावली.

गैरसमज: ‘डॉट म्युझियम’ नाही, म्हणजे संग्रहालय खोटं.
वस्तुस्थिती: ब्रिटिश म्युझियमचा पत्ता ‘डॉट ऑर्ग’ने संपतो, लूव्रचा ‘डॉट एफआर’ने. मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा पत्ता ‘डॉट इन’ आहे, तर भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा ‘डॉट ऑर्ग’. राखीव डोमेन घेण्याची सक्ती कुणावरच नाही.

गैरसमज: पत्त्यात ‘म्युझियम’ दिसलं किंवा शेवटी ‘डॉट ऑर्ग’ असलं, की संस्था खात्रीची.
वस्तुस्थिती: ‘डॉट ऑर्ग’ कुणीही घेऊ शकतं, त्यासाठी धर्मादाय नोंदणी लागत नाही. ‘अमुकम्युझियम डॉट कॉम’ या पत्त्यात राखीव असं काहीच नाही. तिथे ‘म्युझियम’ हा घेणाऱ्याने निवडलेल्या नावाचाच भाग आहे. ‘आयकॉम डॉट म्युझियम’मध्ये मात्र तो शब्द अगदी शेवटी, डोमेनच्या जागी आहे. म्हणून वेबसाइटचं नाव नेहमी उजवीकडून वाचावं.

गैरसमज: पत्त्याशेजारी कुलूप दिसलं, म्हणजे मजकूरही विश्वासार्ह.
वस्तुस्थिती: कुलूप एवढंच सांगतं, की तुमच्या आणि त्या साइटच्या मधली देवाणघेवाण सांकेतिक रूपात होते आहे. साइट कुणाची आणि माहिती खरी का, हे त्यावरून कळत नाही.

गैरसमज: एकदा घेतलेलं नाव कायमचं आपलं.
वस्तुस्थिती: नाव ठरावीक मुदतीसाठी मिळतं. वेळेवर नूतनीकरण झालं नाही तर ते हातचं जातं आणि दुसरा कुणी घेऊ शकतो. मग जुन्या पुस्तकांत, माहितीपत्रकांत छापलेला संग्रहालयाचा पत्ता वाचकाला भलत्याच ठिकाणी नेतो.

हा धोका छोट्या संग्रहालयांना जास्त आहे. पुष्कळदा वेबसाइट करून देणाराच पत्ता स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर नोंदवतो. तो सोडून गेला की विश्वस्तांच्या हाती काहीच राहत नाही. तेव्हा डोमेन कोणतंही घ्या, पण नोंदणी संस्थेच्या नावावर करा, ईमेल कार्यालयाचा द्या आणि नूतनीकरणाची तारीख दफ्तरी लिहून ठेवा. संग्रहातल्या वस्तूंची नोंदवही आपण जितक्या काळजीने सांभाळतो, तितकीच काळजी या नावाचीही घ्यायला हवी.