पथ्याच्या पाहुण्यासाठी बंडेल चीज

स्नेहमेळाव्यात सिंगाडे, निमकी आणि संदेश यांच्या तबकांभोवती सारे जमतात. मधुमेही पाहुणा मात्र संकोचाने हात आवरतो. खिदिरपूरच्या गोदीपरिसरातील गृहिणीला यावरचा उपाय कोलकात्यातच गवसतो. १८७४ मध्ये सुरू झालेल्या न्यू मार्केटमध्ये बंडेल चीजच्या लहान, खारट चकत्या मिळतात. काही साध्या, काही धुरी दिलेल्या. हुगळीकाठच्या पोर्तुगीज वसाहतीशी त्यांचे नाते सांगितले जाते. दूध नासवल्यावर दुग्धशर्करेचा बराचसा भाग निवळीबरोबर निघून जातो. म्हणूनच चीजमध्ये कर्बोदके अल्प असतात.

चकत्या रात्रभर पाण्यात भिजत ठेवाव्यात, म्हणजे खारटपणा उतरतो. सकाळी त्या निथळून कुस्कराव्यात. त्यात चमचाभर चक्का, बारीक चिरलेली हिरवी मिरची, कोथिंबीर आणि किंचित भाजलेली कलौंजी मिसळावी. हे सारण काकडीच्या जाड कापांवर ठेवून लगेच वाढावे. वरून मीठ मुळीच घालू नये. रक्तदाब असणाऱ्यांनी एखाद्या कापावरच समाधान मानावे.

पथ्याचे ताट वेगळे मांडले, की पाहुण्याला आपले आजारपण आठवते. एकाच तबकातून सर्वांनी घेतले, तर तो केवळ पाहुणा उरतो. आतिथ्याचे मर्म यातच आहे.