शेवटची पाच वर्षे : वाट पाहण्याची की कमाईची?

पन्नाशी जवळ आली की आपल्या शहरात एक वाक्य हमखास कानावर पडते. "आता बस झाले. दोन-चार वर्षे काढायची आणि थांबायचे." वाळूजच्या कारखान्यात वीस-बावीस वर्षे पाळ्या केलेला कामगार हे म्हणतो. शहागंजात तीस वर्षे कापडाचे ठाण उलगडून दाखवणारा दुकानदार म्हणतो, मशीनवर मान मोडून बसलेला टेलर मास्तरही म्हणतो. त्यात गैर काही नाही. ज्याने सोळाव्या-सतराव्या वर्षी कामाला हात घातला, त्याची पन्नाशीपर्यंत तेहतीस-चौतीस वर्षांची नोकरी झालेली असते. अशा माणसाला साठीच्या आधी विश्रांतीची इच्छा झाली तर तो त्याचा हक्कच आहे.

अडचण थांबण्यात नाही. थांबायचे ठरल्यापासून प्रत्यक्ष थांबेपर्यंतची जी तीन, चार, पाच वर्षे असतात, ती कशी जातात यात आहे. शरीर कामावर असते, पण मन केव्हाच घरी गेलेले असते. गिऱ्हाइकाला दुसरा नमुना दाखवायचा कंटाळा येतो. उधारीची वही उघडावीशी वाटत नाही. नवीन पोरगा काही विचारायला आला की "तूच बघ आता" असे उत्तर मिळते. ही वर्षे कशीतरी ढकलायची असतात, असा समज झालेला असतो. हिशेब करून पाहिला तर हा समज फार महागात पडतो असे दिसून येते.

मन आधी का निघून जाते?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यांनी १९३२ मध्ये एक सिद्धांत मांडला. प्राण्याला अन्नापर्यंत पळत जायचे असेल तर अन्न जसे जवळ येते तसा त्याचा वेग वाढतो, असे त्यांचे म्हणणे होते. उंदरांवरील प्रयोगांत हेच दिसले. माणसातही ही खूण दिसते. ईदची गर्दी तोंडावर आली की टेलर मास्तर रात्र-रात्र जागतो आणि थकत नाही, कारण समोर चांदरात असते.

मग निवृत्ती जवळ आल्यावर हाच माणूस मंद का होतो? याचे उत्तर साधे आहे. ईदला पोहोचायचे असते, निवृत्तीत मात्र बहुतेकांना फक्त निघायचे असते. कामाचा शेवटचा दिवस ठरलेला असतो, त्यानंतरचा पहिला दिवस ठरलेला नसतो. पुढे काही नसेल तर पाय उचलत नाहीत. म्हणून ज्याला शेवटच्या वर्षांत उत्साह टिकवायचा आहे, त्याने आधी दोन गोष्टी समजून घ्याव्यात. या वर्षांची खरी किंमत किती, आणि या वर्षांत नेमके पोहोचायचे कुठे.

नोकरदाराचा हिशेब

१९८५ मध्ये बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना सुरू झाला. पुढे चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा या पट्ट्यांत आपल्या समाजातील कितीतरी घरांची रोजी उभी राहिली. त्या घरांतील जे लोक आज स्वेच्छानिवृत्तीचा विचार करतात, त्यांनी ग्रॅच्युइटीचे गणित कागदावर मांडून पाहावे.

ग्रॅच्युइटी ही दर वर्षाच्या त्या-त्या पगारावर मिळत नाही. ती शेवटच्या पगारावर मोजतात. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम होते तिला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचे. समजा ही रक्कम २६,००० रुपये आहे आणि नोकरी २२ वर्षांची आहे. एका वर्षाचे १५,००० रुपये, २२ वर्षांचे ३ लाख ३० हजार रुपये. आता शेवटच्या दोन वर्षांत नीट काम केल्याने किंवा वरची जागा मिळाल्याने हाच पगार २८,६०० झाला, तर ग्रॅच्युइटी ३ लाख ६३ हजार होते. वाढ झाली दोन वर्षांत, पण ती लागू झाली बावीसच्या बावीस वर्षांना. स्वेच्छानिवृत्तीच्या योजनेत जी जादा रक्कम देतात, तीही बहुधा शेवटच्या पगारावर आणि नोकरीच्या वर्षांवर ठरते.

पेन्शनचेही तसेच आहे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ नुसार पेन्शनसाठीचा पगार हा शेवटच्या ६० महिन्यांच्या सरासरीने धरतात. २०१४ पासून त्याला १५,००० रुपयांची मर्यादा आहे. ज्याचा पगार या मर्यादेच्या वर आहे त्याला सरासरीने फरक पडणार नाही. परंतु ठेकेदाराकडे कमी पगारावर असलेल्या कामगाराला शेवटच्या पाच वर्षांतील प्रत्येक खाडा आणि प्रत्येक वाढ भोवते किंवा फळते. या योजनेत दहा वर्षांची नोकरी झालेल्याला पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी मिळते. ५० नंतर आधीही घेता येते, पण जितकी वर्षे आधी घ्याल तितकी दरसाल ४ टक्के दराने ती कमी होते, आणि ही कपात कायमची असते. ५५ व्या वर्षी घेणाऱ्याची पेन्शन सुमारे साडेअकरा टक्क्यांनी घटते. म्हणून काम लवकर सोडले तरी पेन्शनचा अर्जही त्याच दिवशी करावा असे नाही. मधली तीन वर्षे दुसऱ्या कमाईवर निभावणार असतील तर थांबणे फायद्याचे ठरू शकते.

दुकानदाराचा हिशेब

दुकानदाराला ग्रॅच्युइटी नाही. त्याचे सारे आयुष्य दुकानाच्या नावात साठलेले असते. हे नाव दुसऱ्याला देताना, किंवा भागीदाराला हिस्सा देताना, त्याची किंमत कशी ठरते? सर्वसाधारण रीत अशी की मागील तीन ते पाच वर्षांच्या नफ्याची सरासरी काढतात आणि तिला दोन किंवा तीन वर्षांनी गुणतात. समजा गुलमंडीवरच्या एका दुकानाचा नफा सालीना ६ लाख आहे. मालकाचे मन उडाले आणि शेवटच्या तीन वर्षांत नफा ६, ५ आणि ४ लाख झाला. सरासरी ५ लाख, दोन वर्षांच्या हिशेबाने नावाची किंमत १० लाख. तीच तिन्ही वर्षे ६ लाखांवर टिकवली असती तर किंमत १२ लाख झाली असती. शिवाय घेणारा हुशार असेल तर उतरती कमान पाहून तो सरासरीही मान्य करणार नाही, शेवटच्या वर्षाचे ४ लाखच धरील. पंचवीस वर्षांची मेहनत शेवटच्या तीन वर्षांच्या मापाने मोजली जाते.

उधारीबाबत तर कायद्यानेच घड्याळ लावून ठेवले आहे. विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा लावण्याची मुदत १९६३ च्या मुदत कायद्यानुसार तीन वर्षांची आहे. मुदत संपण्यापूर्वी गिऱ्हाइकाने येणे मान्य असल्याचे लिहून सही दिली, किंवा थोडी रक्कम भरून तशी सही केली, तर मुदत नव्याने सुरू होते. जो दुकानदार "सोडताना एकदम वसूल करू" म्हणून वही बाजूला ठेवतो, त्याच्या हाती शेवटी कागद उरतो. थांबण्याच्या किमान तीन वर्षे आधी खतावणी उघडून बसावे. ज्याच्याकडून पैसे येतील त्याच्याकडून पैसे घ्यावेत, ज्याच्याकडून येणार नाहीत त्याच्याकडून सही घ्यावी, आणि जो खरोखर अडचणीत आहे त्याला सवलत द्यायची की माफ करायचे हे आपण हयातीत आणि शुद्धीत ठरवावे. ते ओझे मुलांवर टाकू नये.

जागा भाड्याची असेल तर करारपत्र वकिलाला दाखवावे. मुलगा गल्ल्यावर बसू लागला म्हणजे भाडेकरार आपोआप त्याच्या नावे झाला असे समजू नये. वक्फच्या जागेतील भाडेकरूंनी ही बाब विशेष ध्यानात ठेवावी आणि जे काही ठरेल ते लेखी ठेवावे.

कारागिराचा हिशेब आणि हिमरूचा धडा

कारागिराजवळ ना ग्रॅच्युइटी, ना बाजारपेठेतले दुकान. त्याची दौलत हातात आणि डोक्यात असते. ती हस्तांतरित झाली नाही तर काय होते, हे पाहायला आपल्याला दूर जावे लागत नाही.

हिमरूचे कापड म्हणजे सूत आणि रेशीम यांचे विणकाम. सोन्या-चांदीच्या तारेच्या किनखापासारखे दिसणारे, पण त्याहून स्वस्त. 'हमरू' म्हणजे सारखे दिसणारे, यावरूनच हे नाव आले असे सांगतात. चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाने दौलताबादला राजधानी हलवली तेव्हा विणकर इकडे आले, अशी या धंद्याची परंपरा सांगितली जाते. निजामाच्या अमलात हिमरूच्या शेरवानीला दरबारी मान होता. १९४८ मध्ये ते राज्य संपले आणि मोठे गिऱ्हाईक गेले. पुढे यंत्रमागावरच्या स्वस्त शाली हिमरूच्या नावाने विकल्या जाऊ लागल्या. आज शहरात हाताने हिमरू विणणारे माग बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत.

बाजार गेला हे खरेच. पण बाजाराबरोबर आणखी एक गोष्ट गेली. जुन्या मागावर नक्षी कागदावर नसे. ती मागाच्या वर बांधलेल्या दोऱ्यांच्या जाळ्यात असे. कोणता दोरा केव्हा ओढला की कोणते फूल उमटते, हे जाळे बांधणाऱ्या उस्तादाला ठाऊक. उस्ताद शागिर्दाला न शिकवता घरी बसला की त्याच्याबरोबर ती नक्षीही घरी बसली. नंतर कोणी पैसे घेऊन आला तरी ती नक्षी विकत मिळत नाही.

याउलट पन्नास किलोमीटरवरच्या पैठणचे पाहा. पैठणीचाही धंदा बसला होता. पण जाणत्या विणकरांचे हात चालते होते तोवर शिकवण्याची सोय झाली, पैठण आणि येवल्यात नवे हात तयार झाले आणि २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळाले. बाजार परत येऊ शकतो. परत येताना त्याला शिकलेला हात जागेवर सापडला पाहिजे, एवढीच अट असते.

हे केवळ विणकरांना लागू नाही. कारचा आवाज ऐकून दोष सांगणारा मिस्त्री, अंगावर टेप न लावता शेरवानीचा अंदाज बांधणारा मास्तर, बिर्याणीची देग नुसत्या वाफेवरून ओळखणारा भटारी, या सर्वांच्या डोक्यात असेच एक जाळे बांधलेले असते.

उत्साह टिकवण्यासाठी काय करावे?

पहिली गोष्ट, निघण्याची तारीख ठरवली तशी सोपवण्याची यादी ठरवावी. पाच वर्षे असतील तर प्रत्येक वर्षाला एक काम नेमून द्यावे. पहिल्या वर्षी उधारी, दुसऱ्या वर्षी कागदपत्रे आणि कर्जे, तिसऱ्या वर्षी शागिर्द, चौथ्या वर्षी गिऱ्हाइके आणि घाऊक व्यापारी, पाचव्या वर्षी आपण मागे बसून दुसऱ्याला पुढे करायचे. मग दरवर्षी काहीतरी पूर्ण झाल्याचे समाधान मिळते.

दुसरी गोष्ट, शिकवण्याचा काळ योग्य निवडावा. रमजानच्या गर्दीत शागिर्दाच्या हाती कात्री देऊन नंतर त्यालाच रागावणे बरे नाही. मंदीच्या महिन्यांत द्यावी, कापड आपले द्यावे. शागिर्द १८ वर्षांचा झाला असेल तर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करावी. शिंपी, सुतार, लोहार, गवंडी, सोनार अशा १८ व्यवसायांना तीत प्रशिक्षण आणि साधनांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे.

तिसरी गोष्ट, पुढच्या माणसाची ओळख करून द्यावी. सुरत किंवा भिवंडीला खरेदीला जाताना मुलाला किंवा पुतण्याला सोबत न्यावे. घाऊक व्यापारी चेहऱ्यावर माल देतो. तो चेहरा तुमचा असेल तर ती पत तुमच्याबरोबर संपेल. मुलगी किंवा सून हिशेबात चांगली असेल तर खतावणी तिच्याकडे द्यायला संकोच करू नये.

चौथी गोष्ट, निवृत्तीची तालीम करावी. निवृत्तीनंतर जेवढे मासिक उत्पन्न अपेक्षित आहे, तेवढ्यातच आजपासून तीन महिने घर चालवून पाहावे. घरभाडे, औषधे, लग्नकार्ये सर्व त्यात आले पाहिजे. जमले तर मनाला धीर येतो. नाही जमले तर अजून कमाई हातात असतानाच ते कळते. बरेच लोक व्याजाचे उत्पन्न घेत नाहीत. त्यांनी तर भाडे, भागीदारीतील नफा वा छोटे काम यांची जुळणी आधीच केलेली असावी.

पाचवी गोष्ट, पुढच्या आयुष्याचे एक काम आत्ताच थोडे सुरू करावे. आठवड्यातून एक दिवस शेती, शिकवणी, मशिदीचा किंवा मदरशाचा हिशेब, जे आवडेल ते. थांबल्यावर सुरू करू म्हणणाऱ्याचे सहसा सुरू होत नाही.

एक सावधगिरीही सांगायला हवी. डोळे, कंबर किंवा छाती साथ देत नसेल तर ही सारी गणिते बाजूला ठेवावीत. माग, भट्टी आणि प्रेसवर काम करणाऱ्याने दोन लाखांसाठी दोन वर्षे देह झिजवू नये. अशा वेळी यादी छोटी करावी, उधारीच्या सह्या आणि शागिर्द एवढेच पाहावे, आणि घरच्यांना तसे स्पष्ट सांगावे.

थांबणे हा ज्याचा-त्याचा निर्णय आहे. पण ज्याने थांबायचे ठरवले आहे त्याने आज संध्याकाळी दुकान बंद करण्यापूर्वी एक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर दोन नावे लिहावीत. माझे गिऱ्हाईक उद्यापासून कोणाकडे जाईल आणि माझे हुन्नर कोणाच्या हाती राहील? दोन्ही जागा कोऱ्या राहिल्या तर समजावे की अजून बरेच काम बाकी आहे.