पवनचक्की आधी संगणकावर फिरवा!

शेतकरी बंधूंनो, पवनचक्की आपल्या जिल्ह्याला नवी नाही. देशातले पवनविजेचे पहिले प्रकल्प १९८६ च्या सुमारास उभे राहिले, त्यांत आपलं देवगडही होतं. तेव्हाचं यंत्र ५५ किलोवॅटचं. आता दोन-तीन हजार किलोवॅटची यंत्रं येतात. एवढं यंत्र लाईनला जोडल्यावर काय होईल, हे आधी संगणकावर पाहता येतं.

जुन्या पद्धतीच्या पवनचक्कीतलं जनित्र म्हणजे आपल्या पंपाच्या मोटारीचंच भावंडं. चार पोलची मोटार मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या थोडी खाली फिरते आणि वीज खाते. वाऱ्याने तिला १५०० च्या वर ढकललं की तीच वीज देते. पण चुंबकत्वासाठी लागणारा प्रवाह ती लाईनमधूनच ओढते. लाईन लांब, तार बारीक असली तर व्होल्टेज पडतं आणि शेवटच्या खांबावरचा पंप तापतो. म्हणून कपॅसिटर बसवतात. नव्या यंत्रांत हे काम इलेक्ट्रॉनिक उपकरणं करतात. त्यात वाऱ्याचा लहरीपणा: वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट!

संगणकावर तार, डीपी, कपॅसिटर, जनित्र यांचं एकच सर्किट मांडतात. अशी सर्किटं सोडवणारा ‘स्पाइस’ हा प्रोग्रॅम १९७० च्या दशकात अमेरिकेत बर्कले येथील विद्यापीठात तयार झाला. वीजवाहिन्यांसाठीही खास प्रोग्रॅम आहेत. मग वाऱ्याचा झोत द्यायचा, तारेवर माडाची झावळी पाडायची आणि सेकंदा-सेकंदाला व्होल्टेज बघायचं. नुकसान कुणाचंच नाही.

सर्वात मोलाची चाचणी म्हणजे लाईन तोडून पाहण्याची. पुरवठा बंद झाला तरी कपॅसिटरच्या जोरावर जनित्र काही वेळ लाईन जिवंत ठेवू शकतं. खांबावर वायरमन असेल तर? अशा वेळी यंत्र आपोआप सुटतं की नाही, हे आधीच कळलं पाहिजे.

मात्र पेराल तसं उगवेल. तारेची लांबी, जाडी आणि डीपीची क्षमता चुकीची भरली तर उत्तरही चुकीचंच येणार.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनो, असा प्रस्ताव आला तर ठरावाआधी तीन गोष्टी विचारा. शेवटच्या खांबावर व्होल्टेज किती राहील? लाईन बंद पडली तर यंत्र किती वेळात सुटेल? आकडे आपल्याच लाईनवर मोजलेले आहेत ना? उत्तरं लेखी घ्या. कुठल्या वाडीत संध्याकाळी दिवा मिणमिणतो, हे तुम्हांलाच ठाऊक असतं. तेही त्यांना सांगा.