दोन पेट्या आणि एक दांडा

अमेरिकेत आजोबांच्या पश्चात गॅरेज आवरताना कधीकधी एक विचित्र वस्तू हाती लागते. लाकडी दांड्याच्या दोन टोकांना दोन लाकडी पेट्या, एकीवर काटा असलेली तबकडी आणि सोबत जुने हेडफोन. घरात एक आख्यायिकाही असते: आजोबा गुप्तधन शोधायचे. ही वस्तू म्हणजे जुना मेटल डिटेक्टर, बऱ्याचदा फिशर कंपनीचा ‘एम-स्कोप’. तो नीट वाचला तर आजोबांची गोष्ट वेगळीच निघू शकते.

या कंपनीचे संस्थापक गेरहार्ड फिशर मूळचे जर्मन. ड्रेस्डेनला शिकून ते अमेरिकेत आले. विमानांना रेडिओलहरींवरून दिशा दाखवणाऱ्या उपकरणांवर काम करताना त्यांच्या लक्षात आलं, की काही ठिकाणी दिशा चुकते, आणि अशा ठिकाणी जवळपास धातू तरी असतो किंवा खनिजांनी भरलेली जमीन. त्यांनी या चुकीचंच यंत्र केलं. १९३१ साली पालो आल्टोतल्या स्वतःच्या घराच्या गॅरेजमध्ये कंपनी सुरू झाली आणि १९३७ साली पेटंट मिळालं.

यंत्राची करामत साधी आणि सुंदर आहे. एका पेटीतलं तारेचं वेटोळं लहरी सोडतं, दुसरीतलं ऐकतं. दोन्ही एकमेकांशी काटकोनात बसवलेली, त्यामुळे एरवी ऐकणाऱ्याला काहीच ऐकू येत नाही. जमिनीत धातू आला की त्याच्याकडून उलट लहरी उठतात, साधलेला तोल बिघडतो आणि कानात आवाज चढतो. दांडा धरून हळूहळू चालणारा माणूस आपल्याकडच्या पाणाड्यासारखाच दिसत असेल. फरक एवढाच, की इथे फांदीच्या जागी विद्युतचुंबकत्व आहे.

पण या रचनेला नाणं दिसत नाही. अंगठी दिसत नाही. तिला दिसतं ते मोठं आणि खोल: लोखंडी नळ, केबल, पुरलेली टाकी. म्हणूनच पाणी, गॅस आणि टेलिफोनवाल्यांच्या हाती ही यंत्रं वर्षानुवर्षं राबली. नातवंडांना वाटतं आजोबा खजिना शोधत होते. यंत्र सांगतं, ते बहुधा गावाचे नळ शोधत होते. मला ही गोष्ट खजिन्याहून मोलाची वाटते.

वय ठरवायचं तर आधी नावाची पट्टी पाहावी. पत्ता पालो आल्टोचा असेल तर यंत्र १९६१ पूर्वीचं, कारण त्या वर्षी कंपनी बेलमाँटला गेली. १९७४ नंतर लॉस बानोस. पत्त्यात पाच आकडी झिपकोड आहे का, तेही बघावं. तो अमेरिकेत १९६३ साली आला, आपला पिनकोड १९७२ साली. पेटंट क्रमांकावर मात्र फार विसंबू नये. यंत्र त्याआधीचं नाही, एवढंच तो सांगतो.

मग पेच काढून आत पाहावं. व्हॉल्व्ह असतील तर यंत्र बहुधा ट्रान्झिस्टरच्या प्रसाराआधीचं. आवाज कमीजास्त करणाऱ्या कंट्रोलच्या पाठीवर काही आकडे ठोकलेले असतात. समजा, १३७६३४२ आहेत. त्यातले १३७ म्हणजे सीटीएस ही कंपनी, ६३ हे साल आणि ४२ हा त्या सालातला आठवडा. कंट्रोल दुरुस्तीत बदललेला नसेल, तर यंत्र त्या आठवड्याआधीचं असूच शकत नाही.

सुरू करायची घाई मात्र करू नये. व्हॉल्व्हच्या यंत्रांना साडेसदुसष्ट व्होल्टसारख्या चढ्या दाबाची बॅटरी लागे. जुने कागदी कपॅसिटर आतून गळके झालेले असतात, त्यामुळे थेट वीज दिली तर मिळायला अवघड असलेले भाग जळतात. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओचा जाणकार आधी गाठावा.

तोवर पट्टी घासू नका, पेटीला पॉलिश करू नका, आतली गंजलेली बॅटरी टाकण्याआधी तिच्यावरची अक्षरं टिपून घ्या. आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला आजच विचारा, आजोबा कामाला कुठे जात होते.