फिर्यादीच न्यायाधीश!

समजा, एखाद्या वस्तीतला तरुण चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचे चित्रण करतो. जुन्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेतो, रात्र जागून संकलन करतो आणि वीस मिनिटांचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकतो. मुलाखतीच्या मागे डीजेवर वाजणाऱ्या गाण्याचा तुकडा त्यात येतो. दुसऱ्या दिवशी सूचना येते. गाण्याचे हक्क अमुक कंपनीचे आहेत. व्हिडिओ राहील, जाहिरातीही दिसतील, पण जाहिरातींचा पैसा कंपनीला जाईल. मिनिटभराच्या गाण्यासाठी वीस मिनिटांच्या मेहनतीची कमाई गेली!

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण नियम काल्पनिक नाहीत. गाण्याच्या हक्काला आमचा विरोध नाही. आमच्या शाहिरांना, गायकांनाही त्यांच्या कलेचा मोबदला मिळालाच पाहिजे. आमचा प्रश्न वेगळा आहे. निवाडा कोण करतो?

यूट्यूबने २००७ साली 'कंटेंट आयडी' ही यंत्रणा आणली. मोठे हक्कधारक आपल्या गाण्यांचे नमुने तिला देतात. यंत्र प्रत्येक व्हिडिओ त्यांच्याशी ताडून पाहते आणि जुळले की दावा ठोकते. आता तरुणाने हरकत घेतली, तर ती जाते कोणाकडे? दावा करणाऱ्या कंपनीकडेच! उत्तराला तिला ३० दिवस मिळतात. तिने हरकत फेटाळली तर अपील, आणि तेही तिच्याकडेच. तरीही ती अडून बसली, तर व्हिडिओ काढून टाकण्याची रीतसर मागणी करते. ती मान्य झाली की चॅनेलवर 'स्ट्राईक' बसतो. ९० दिवसांत असे तीन स्ट्राईक झाले, तर चॅनेलच बंद होऊ शकते. मग हातावर पोट असलेला मुलगा कशाला भांडेल?

कोणीही स्वतःच्याच खटल्यात न्यायाधीश होऊ शकत नाही, हे नैसर्गिक न्यायाचे पहिले तत्त्व आम्ही कायद्याच्या वर्गात शिकलो. येथे मात्र फिर्यादीच न्यायाधीश आहे. यूट्यूबचेच आकडे पाहा. २०२१ च्या पहिल्या सहा महिन्यांत ७२ कोटी २० लाखांहून अधिक दावे झाले. हरकती आल्या सुमारे ३७ लाख दाव्यांवर. त्यांपैकी ६० टक्के हरकतींचा निकाल व्हिडिओ टाकणाऱ्याच्या बाजूने लागला! म्हणजे जे भांडले, त्यांतले बहुसंख्य जिंकले. जे भांडलेच नाहीत, त्यांच्यावर किती अन्याय झाला याचा हिशेब कोणी मांडायचा?

कमाईचे दारही असेच अरुंद झाले. मार्च २०१७ मध्ये अतिरेकी प्रचाराच्या व्हिडिओंवर आपल्या जाहिराती दिसतात, हे उघडकीस येताच मोठ्या जाहिरातदारांनी हात आखडता घेतला. एप्रिल २०१७ मध्ये चॅनेलसाठी १०,००० व्ह्यूजची अट आली. फेब्रुवारी २०१८ पासून १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिले जाण्याची अट आली. गुन्हा थोड्यांचा, भुर्दंड सगळ्या छोट्यांना! ती पायरी ओलांडली, तरी 'वादग्रस्त विषय' आणि 'संवेदनशील घटना' या नावाच्या चाळण्या आहेतच. अत्याचाराच्या घटनेवर बोलणारा व्हिडिओ त्यांत अडकण्याचा धोका नाचगाण्याच्या व्हिडिओपेक्षा नक्कीच जास्त आहे.

मग कोर्टात जावे काय? अमेरिकेत प्रेगर युनिव्हर्सिटी या संस्थेने हा प्रयत्न केला. यूट्यूब खासगी कंपनी आहे, तिला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे घटनात्मक बंधन लागू होत नाही, असा निकाल तेथील अपील न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये दिला. आपल्याकडे २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत. मोठ्या कंपनीने नियमभंगाच्या कारणावरून स्वतःहून व्हिडिओ काढला, तर आधी कारण कळवावे आणि बाजू मांडण्याची संधी द्यावी, असे त्यांत म्हटले आहे. तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या निर्णयावर केंद्र सरकारने २०२३ साली नेमलेल्या अपील समित्यांकडे जाता येते. पण व्हिडिओ जागेवर ठेवून फक्त त्याची कमाई तोडली तर? कारण कळवण्याच्या त्या नियमात कमाईचा शब्दही नाही. माणसाला बोलू द्यायचे आणि त्याची भाकरी काढून घ्यायची, हाही तोंड बंद करण्याचाच प्रकार आहे.

हे बदलता येते. युरोपीय संघाने २०२२ साली डिजिटल सेवा कायदा केला. तो १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झाला. नियमभंगाच्या कारणावरून कोणाची कमाई रोखली, तर कारणे लेखी द्यावी लागतात. तक्रारीचा निर्णय केवळ यंत्रावर सोडता येत नाही आणि बाहेरच्या तटस्थ संस्थेकडे दाद मागता येते. जे युरोपातल्या तरुणाला मिळते, ते लातूरच्या किंवा भंडाऱ्याच्या तरुणाला का मिळू नये? आपल्या नियमांत 'कमाई रोखणे' हे शब्द स्पष्टपणे घालावेत, अशी आमची मागणी आहे.

तोवर आपल्या मुलांनी काय करावे? मूळ चित्रण जपून ठेवावे. गायक-वादकांची लेखी परवानगी घ्यावी. दावा आल्यावर, बाजू खरी असेल तर, पाच दिवसांच्या आत हरकत घ्यावी. तसे केल्यास पहिल्या दिवसापासूनची कमाई वाद मिटेपर्यंत बाजूला राखली जाते. चॅनेलची कमाई बंद केली, तर अपिलाला २१ दिवस मिळतात, ते वाया घालवू नयेत.

अन्याय मुकाट्याने सोसणाऱ्याच्या मदतीला कायदा आपणहून धावून येत नाही. हरकत लिहा, मुदतीत लिहा आणि तिची प्रत जपून ठेवा.