‘स्टेप’ किती लांब टाकावी?

‘स्टेप’ म्हणजे पाऊल, हे तुम्हांला ठाऊकच आहे. पण हा शब्द पायापुरता कुठे राहिला आहे? गणितात एक स्टेप गाळली की गुण जातात. गणपतीच्या दिवसांत आमच्या प्रभादेवीला गच्चीगच्चीवर नाचाच्या स्टेप बसवतात. केस कापणारासुद्धा ‘स्टेप कट’ करू का, म्हणून विचारतो! (मोटारीची ‘स्टेपनी’ मात्र या कुळातली नव्हे. वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून १९०४ च्या सुमारास त्या जादा चाकाला हे नाव मिळाले.)

विजेच्या शास्त्रातही हा शब्द आहे. १९१५ साली टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. ती आणताना विद्युतदाब ‘स्टेप-अप’ रोहित्राने सुमारे एक लाख व्होल्टपर्यंत चढवीत आणि मुंबईत ‘स्टेप-डाउन’ रोहित्राने उतरवीत. हा खटाटोप कशासाठी? दाब दसपट केला, तर तितकीच शक्ती वाहून नेण्यास एक दशांश प्रवाह पुरतो. आणि तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती शंभरावा हिस्साच उरते.

पण मला सांगायचे आहे ते ‘स्टेप व्होल्टेज’बद्दल. इथे स्टेप म्हणजे खरोखरीचे पाऊल. मुंबई शहरात वीज बहुतेक जमिनीखालच्या केबलांतून येते. पण पावसाळ्यात कोकणात गावी गेलात की खांबावरच्या तारा दिसतील. समजा, उच्च दाबाची एक तार तुटून जमिनीवर पडली आहे. प्रवाह तिथून जमिनीत चहूकडे पसरतो आणि दूर जावे तसा जमिनीचा दाब कमी होत जातो. तारेच्या टोकापासून १ मीटरवर तो ६०० व्होल्ट असेल, तर दीड मीटरवर सुमारे ४०० आणि २ मीटरवर ३००. आता एक पाय १ मीटरवर व दुसरा दीड मीटरवर ठेवून पाहा. तारेला हातही न लावता दोन पायांमध्ये २०० व्होल्ट! प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरणार. ढांग जितकी लांब, तितका हा फरक मोठा. घाबरून धावत सुटणे म्हणूनच घातक.

अशी तार दिसली तर निदान १० मीटर दूर राहा, इतरांनाही अडवा आणि वीज कार्यालयाला कळवा. तिथे कोणी पडलेला दिसला तरी वीज बंद होईपर्यंत त्याच्याकडे धावू नका. तुम्ही स्वतःच जवळ सापडलात, तर दोन्ही पाय जुळवून, ते न उचलता, इंच-इंच घसरत दूर सरका.

आकाशातली वीज झाडावर पडली असता आसपासची गुरे दगावतात, त्यामागेही पुष्कळदा हेच कारण असते. गाईच्या पुढच्या व मागच्या पायांत आपल्या पावलाहून बरेच जास्त अंतर असते, आणि प्रवाहाच्या वाटेत तिचे हृदय येते.